वरातीमागून पाटी

खंबाटकीचा बोगदा मागे पडला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. जुलैचा पाऊस. वायपर जिवाच्या आकांताने फिरत होते आणि काच पुसली न पुसली तोच पुन्हा भरत होती. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर साताऱ्यात घेतलेला कंदी पेढ्यांचा खोका. आम्हाला मावशीकडे जायचं होतं.

मावशीचं गाव महामार्गापासून चारेक किलोमीटर आत आहे. पूर्वी हमरस्त्यावरच फाटा होता. फाट्यावर पिंपळ, पिंपळाखाली पानटपरी, टपरीपाशी कायम उभा असलेला एक टेम्पो. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नसे. आता तिथे उड्डाणपूल झालाय. पिंपळ गेला, टपरी गेली. गावात जायचं तर पुलावर न चढता डावीकडच्या सर्व्हिस रोडला उतरायचं, एवढं मावशीने फोनवर बजावलं होतं. "पाटी आहे की चांगली मोठी," असंही म्हणाली होती.

पाटी होती, खोटं कशाला बोलू? हिरवीगार, पांढऱ्या अक्षरांची, मावशी म्हणाली तशी चांगली मोठी. फक्त ती उभी होती दोन रस्ते फुटतात त्या बेचक्यात, पुलाच्या कठड्याच्या टोकाशी. मला ती वाचता आली तेव्हा माझी पुढची चाकं चढाला लागली होती.

पुढचा एक क्षण मला अजून आठवतो. पाय आपोआप ब्रेकवर गेला. डावीकडे घेऊ? मध्ये पांढरे पट्टे आणि पलीकडे कठडा. थांबू? आरशात मागच्या ट्रकचे दिवे एकदम मोठे झाले आणि त्याचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. गाडी किंचित घसरली, सावरली, आणि मी मुकाट्याने पुलावर चढले.

"दिसली गं पाटी," मागून आई म्हणाली.

"आता दिसून काय उपयोग?"

"नाही, मी आपलं सांगितलं."

परत फिरायला जागा मिळाली ती नऊ किलोमीटर पुढे. नऊ जायचे, नऊ यायचे. मावशीकडे पोहोचलो तेव्हा पिठलं गार झालं होतं आणि माझे हात स्टिअरिंगवर नसतानाही धरल्यासारखे ताठ होते. मावशी म्हणाली, "अगं, सगळेच चुकतात तिथे." तिच्या बोलण्यात कुठेही नवल नव्हतं. दर श्रावणात डोंगरावर धुकं येतं म्हणावं, तसं.

त्या रात्रीपासून मी पाट्यांकडे बघायला लागले. म्हणजे त्यांच्यावर काय लिहिलंय त्याच्या आधी, त्या कुठे उभ्या आहेत हे बघायला लागले.

आधी थोडा हिशेब. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. १०० च्या वेगाला जवळजवळ २८. आपण "एक" म्हणेपर्यंत गाडी एखाद्या वाड्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपलीकडे गेलेली असते. रस्ते आखणारी मंडळी चालकाला एखादी गोष्ट दिसून, ती काय आहे ते उमजून, पाय ब्रेकवर नेईपर्यंत अडीच सेकंद धरतात. आपल्याकडच्या नियमांतही हाच आकडा आहे. म्हणजे ८० च्या वेगाला नुसतं "अरेच्चा!" म्हणण्यात ५५ मीटर संपतात. मग गाडी थांबायची. या सगळ्यासाठी ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर अंतरापर्यंत पुढचं दिसायला हवं, असं धरून रस्ता आखतात. आणि माझी पाटी दिसल्यापासून तिथे वळायचं असतं तर माझ्या हातात किती मीटर होते? वीस असतील. त्यात पाऊस, त्यात पाटीवर तीन गावांची नावं दोन लिप्यांत. सगळी वाचून त्यात आपलं गाव शोधायचं म्हटलं तर दोन-तीन सेकंद जातातच. ते वाचणं मी पूल चढता चढता पूर्ण केलं. मावशीच्या गावाचं नाव तिसरं होतं.

वरातीमागून घोडं म्हणतात, तसंच हे. घोड्यात काही खोट नाही. चांगलं सजवलेलं, धष्टपुष्ट घोडं. फक्त नवरा केव्हाच पायी पुढे गेलाय.

याच्या अगदी उलट मला पुणेरी पाटी वाटते. पुणेरी पाट्यांना जग हसतं, त्यांच्या तिरकसपणाची चित्रं फोनवर फिरतात, पण एक गोष्ट कुणी बोलत नाही, ती म्हणजे त्या पाटीची जागा. "बेल एकदाच वाजवावी" ही पाटी बेलच्या बटणाच्या वर बोटभर अंतरावर असते. दारावर नाही, जिन्यात नाही. "येथे वाहन लावल्यास हवा सोडली जाईल" ही पाटी तुम्ही स्कूटर स्टँडला लावायला वाकता तेव्हा बरोबर डोळ्यांसमोर येते. ती लावणारे काका खडूस असतील, पण त्यांनी गॅलरीत उभं राहून वर्षानुवर्षं निरीक्षण केलेलं असतं, की माणूस कुठून येतो, कुठे रेंगाळतो, त्याचा हात केव्हा उठतो. गुन्हा घडायच्या नेमका एक क्षण आधी ती पाटी बोलते. या काकांना महामार्गाचं कंत्राट द्यायला हवं, असं मला पुष्कळदा वाटतं. फक्त मजकूर दुसऱ्याकडून लिहून घ्यावा.

माझा मामा एसटीत चालक होता. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. मामा पुष्कळ नंतरचा, कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरचा. आंबा घाट त्याने किती वेळा उतरला असेल त्याची मोजदाद नाही. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी अजून गप्पांमध्ये त्याचा उजवा हात मध्येच वळणं घेतो. मावशीकडच्या चुकामुकीची गोष्ट मी त्याला सांगितली तेव्हा तो आधी खूप हसला आणि मग म्हणाला, "आम्ही कधी पाटी वाचली नाही बघ. पाटी पाव्हण्यासाठी असते. गाववाल्याला ती कशाला लागते?"

मामाच्या डोक्यातला रस्ता वेगळ्याच खुणांचा होता. मळलेला कठडा आला की दुसरा गिअर. करवंदीची जाळी संपली की समोरून येणाऱ्याला जागा द्यायची. एका वळणावर म्हणे पावसाळ्यात भिंतीतून पाणी झिरपायचं, त्याच्या वासावरून त्याला धुक्यातही कळायचं आपण कुठे आहोत. नवा चालक आला की तो आधी दोन-चार फेऱ्या जुन्याच्या शेजारी बसून करायचा आणि रस्ता पाठ करायचा. मी म्हटलं, "मामा, मला कोण शेजारी बसवणार होतं?" तर म्हणाला, "म्हणून तर पाटी असते ना पोरी. शेजारी बसलेला जुना माणूस म्हणजे पाटी." मग स्वतःच्याच खात्याला चिमटा काढल्याशिवाय त्याला राहवलं नाही. "तसं आमच्या गाडीची पाटी तरी कुठं धड दिसायची? गाडी थांब्यावर येईपर्यंत माणसं 'कुठली? कुठली?' करत दारापर्यंत धावायचीच."

मामाचं ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. पाटी पाहुण्यासाठी असते, पण ती लावतो कोण? गाववाला. ज्याला फाटा पाठ आहे, तो भर दिवसा, पायी, उभ्याने ठरवतो की पाटी कुठे असावी. त्याला ती तिथून छान दिसते. दिसणारच, तो तिच्यासमोर उभा आहे!

हे नुसतं तर्काने सांगत नाही. पाटी रोवताना मी प्रत्यक्ष पाहिली आहे. गेल्या हिवाळ्यात एका राज्यमार्गावर चहाला थांबले होते, तर समोर तिघं जण पिकअपमधून खांब उतरवत होते. पुढे अरुंद पूल असल्याची त्रिकोणी पाटी. पूल तिथून जेमतेम पंचवीस-तीस पावलांवर. चहाचा ग्लास हातात घेऊनच मी गेले आणि विचारलं, "दादा, इतक्या जवळ कशी लावताय?"

त्यातला वयाने मोठा होता तो पहारीवर रेलून म्हणाला, "ताई, कागदावर तिकडं मागं हाय. तिकडं मुरूम लागला, पहार आत जाईना. त्याच्या अलीकडं खाली केबल हाय, ती तुटली तर आमच्याच पगारातनं जाणार. त्याच्या अलीकडं ह्यो धाबा. धाबेवाला म्हणतो माझा बोर्ड झाकतो. मग राहिली कुठली जागा?"

"पण मग पाटीचा उपयोग काय?"

"फोटो लागतो ना. खांब उभा दिसला पायजे." आणि जरा थांबून, "इथनं पूल दिसतोच की ताई. पाटीची गरजच काय?"

मला बोलायला जागाच राहिली नाही. त्याचं खरं होतं. त्याने पाटी अशा जागी लावली होती, जिथे पाटीची गरज संपलेली होती. पाटीच्या मागे लहान अक्षरांत साखळी क्रमांक रंगवला होता, म्हणजे रस्त्याच्या मोजणीतला तिचा पत्ता. तो पत्ता कागदावरचाच होता आणि पाटी दुसरीकडेच उभी होती. कागदोपत्री ती आजही योग्य जागी असेल.

तरी हे ज्ञान आपल्याकडे नाही असं नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं. विद्यापीठात शिकत असताना जयकर ग्रंथालयात मी कितीतरी दुपारी काढल्या, त्यातल्या निम्म्या झोपून. जयकर म्हणजे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, एवढंच ठाऊक. हेच बॅरिस्टर मुकुंदराव जयकर १९२७ साली नेमलेल्या रस्ते-विकास समितीचे अध्यक्ष होते आणि त्या समितीच्या शिफारशींमधून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. देशातल्या रस्त्यांचे नियम ही संस्था लिहिते. पाट्यांवर तिची एक अख्खी नियमावली आहे, आयआरसी ६७ नावाची. धोक्याची सूचना त्रिकोणात, आज्ञा गोलात, माहिती चौकोनात. पाटी किती उंच, रस्त्याच्या कडेपासून किती लांब, वळणाच्या किती अलीकडे, हे सगळं त्यात आहे. मोठ्या फाट्यासाठी तर एक पाटी पुरत नाही. आधी दुरून सांगणारी, मग फाट्यावर दाखवणारी, आणि वळल्यानंतर "हो, बरोबर आलास, पुढे अमुक गाव इतके किलोमीटर" असं पाठीवर हात ठेवणारी तिसरी. ही तिसरी पाटी मला फार आवडते. आपल्या रस्त्यांवर ती भेटली की मी मनातल्या मनात तिला नमस्कार करते, कारण ती फार क्वचित भेटते.

दुसरी एक गोष्ट वाचली होती तीही इथे सांगते. इंग्लंडमध्ये पहिला मोटरवे झाला तो १९५८ साली, प्रेस्टन गावाला वळसा घालणारा. त्यासाठी पाट्या नव्याने केल्या जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी. पुढे अक्षरांवरून वाद झाला, ठळक मोठी अक्षरं बरी की त्यांची साधी लहान-मोठी, तेव्हा बेन्सनच्या हवाई तळावर परीक्षा घेतली. माणसांना एका मंचावर खुर्च्यांवर बसवलं आणि गाडीच्या टपावर पाट्या बांधून ती गाडी त्यांच्याकडे हाकली. कुणाला किती लांबून वाचता येतं, त्याची नोंद. प्रवासी बसलेले आणि पाटी धावत येतेय! हसू येतं खरं, पण त्या हवाई तळावर एक गोष्ट कुणाला विसरता येणं शक्य नव्हतं, की पाटी आणि माणूस यांच्यामधलं अंतर सतत कमी होत असतं. आमच्या पहारवाल्या दादांची पाटी स्थिर होती, तेही स्थिर होते आणि फोटोही स्थिरच निघाला.

बरं, एकदा नीट लावलेली पाटी तरी नीट राहते का? कोकणात जा. जूनमध्ये दिसणारी पाटी सप्टेंबरात हिरवा ढिगारा झालेली असते. वेल खांबावरून चढतो, त्रिकोणाच्या टोकाला वळसा घालतो, आणि "पुढे तीव्र वळण" मधलं फक्त "पुढे" शिल्लक ठेवतो. घाटात नुसतं "पुढे" वाचून माणसाने काय करावं? गुलमोहराची फांदी चार वर्षांत वाढून पाटीसमोर येते. पाटी जागची हललेली नसते, तिची जागा हललेली असते. गावांची नावं बदलली की जुन्या नावावर नवी पट्टी चिकटवतात. ती पट्टी नवी कोरी असते, जुना पत्रा उन्हाने विटलेला असतो. रात्री दिव्याच्या झोतात पट्टी लखलखते आणि बाकीची पाटी काळोखात बुडते. एखाद्या गावाचं नाव हवेत तरंगतंय आणि बाण गायब आहे, असं दृश्य दिसतं. शिवाय २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. सतराचा सहासष्ट झाला, चारचा अठ्ठेचाळीस झाला. लोकांच्या तोंडी अजून "एनएच फोर"च आहे. त्यामुळे वाट विचारावी तर सांगणारा एक आकडा सांगतो, पाटी दुसरा.

आणि मग वाढदिवस. गल्लीतल्या युवा नेतृत्वाचा वाढदिवस आला की फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्सला खांब लागतात, आणि आयते खांब पाटीचे असतात. "प्रवेश बंद" च्या गोलाबरोबर शुभेच्छुकांचे पंधरा गोल चेहरे. मोटार वाहन कायद्याच्या ११६व्या कलमात पाटी झाकणारी किंवा चालकाचं लक्ष विचलित करणारी जाहिरात काढून टाकायचा अधिकार वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याला दिलेला आहे. कायदा १९८८ चा आहे. फ्लेक्स दर आठवड्याला नवा असतो.

जाहिरातीवरून आठवलं. महाराष्ट्रातल्या घाटातली सगळ्यात प्रसिद्ध पाटी कुठली, तर ती रस्त्याची नव्हेच. खंडाळ्याच्या घाटातल्या १८३० सालच्या पुलाला लोक अमृतांजन पूल म्हणत, कारण तिथे त्या बामची जाहिरात होती. डोकं दुखायला लागेल अशा चढावर डोकेदुखीच्या औषधाची पाटी! जागा हेरणारा माणूस कोण होता कोण जाणे, पण त्याला घाट चढणाऱ्याच्या कपाळाची नस सापडली होती. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो पूल पाडला. नाव मात्र अजून आहे. माझ्या पुतण्याने तो पूल कधी पाहिला नाही, तरी तो म्हणतो, "अमृतांजनपाशी ट्रॅफिक आहे."

चुकीच्या जागच्या पाटीने वाट चुकते, वेळ जातो, पेट्रोल जातं, हे तर आहेच. पण गाडी चालवणाऱ्याच्या आत जे होतं ते मला जास्त गंभीर वाटतं. एक म्हणजे घाबरटपणा. अनोळखी रस्त्यावर मी आता डावी मार्गिका सोडत नाही, फाटा येईल की काय म्हणून निम्मं लक्ष कडेला असतं, आणि म्हणून समोरचं निम्मं सुटतं. दुसरं म्हणजे हट्ट. चुकलेला माणूस नऊ किलोमीटर पुढे जाऊन परत यायला तयार नसतो. हा आपला अपमान झाला असं त्याला वाटतं, आणि ते थोडंसं खरंही असतं. मग तो महामार्गावर गाडी मागे घेतो. पार्किंगचे दिवे लुकलुकवत, मान मागे वळवून, शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर, पंधरा-वीस मीटर. त्याला मूर्ख म्हणायला सोपं आहे. मी त्या रात्री गाडी मागे घेतली नाही, ती शहाणपणाने नव्हे. मागे ट्रक होता म्हणून.

तिसरी गोष्ट सगळ्यात हळू होते आणि लक्षात येत नाही. माणूस वाचायचं थांबतो. "पुढे काम चालू आहे" ही पाटी काम संपून वर्ष झालं तरी उभी असते. "पुढे गतिरोधक" वाचून वेग कमी करावा तर गतिरोधक उखडून गेलेला, आणि जिथे पाटी नाही तिथे न रंगवलेला गतिरोधक अंधारात दबा धरून बसलेला. शाळा दुसरीकडे गेली, पाटी इथेच. लांडगा आला रे आला किती वेळा ऐकायचं? दहा वेळा खोटं निघालं की अकराव्या वेळेला डोळा पाटीवरून नुसता घसरतो. आणि अकराव्या वेळी खरंच मुलं रस्ता ओलांडत असतात. तिथे झालेल्या अपघाताचं कारण "भरधाव वेग" असं लिहिलं जातं. त्याआधीच्या दहा खोट्या पाट्यांची नोंद कुठल्या पंचनाम्यात होणार?

आमच्याकडे एक पाटी मात्र अजून कुणी खोटी धरत नाही. झाडाची फांदी. रात्री घाटात रस्त्यावर हिरवी फांदी आडवी पडलेली दिसली की ट्रकवाला, दुचाकीवाला, पीएचडीवाला, सगळे एकदम हळू होतात. पुढे गाडी बंद पडली आहे, हे न लिहिता कळतं. ती फांदी ठेवणारा क्लीनर आधी ट्रकपासून मागे चालत जातो, वळणाच्या अलीकडे जातो, एकदा वळून बघतो, आणखी दहा पावलं मागे सरकतो, आणि मग फांदी ठेवतो. त्याने कुठलीही नियमावली वाचलेली नसते. पण मागून येणारा आपल्या ट्रकवर आदळला तर ट्रकखाली आपला उस्ताद आहे, हे त्याला माहीत असतं. जागा त्यामुळे बरोबर येते. (ट्रक दुरुस्त झाल्यावर फांदीबरोबरचे दगड तसेच टाकून जातात, तो भाग वेगळा. मी एका दगडावर टायर फोडलाय.)

आता कुणी म्हणेल, फोनवर नकाशा असताना पाट्यांचं काय घेऊन बसलीस? नकाशातली ती बाई मलाही आवडते. का आवडते याचा विचार केला तेव्हा कळलं, ती आधी सांगते. दोन किलोमीटरवर सांगते, पाचशे मीटरवर पुन्हा सांगते, वळताना परत. जे तीन पाट्यांनी करायचं ते ती एकटी करते आणि चिडत नाही. पण उड्डाणपुलापाशी तिचीही पंचाईत होते. पुलावर आहोत की पुलाखाली, हे तिला कधी कधी कळत नाही. पुण्यात चांदणी चौकातला जुना पूल पाडून २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा चौक सुरू झाला, तेव्हा सुरुवातीला माणसंच नव्हे, फोनही गोंधळलेले होते. रोज त्या चौकातून जाणारे लोकसुद्धा रॅम्पच्या तोंडाशी गाडी थांबवून काच खाली करत आणि शेजारच्याला विचारत, "बावधनला हाच ना?" शेजारचाही तेच विचारायला थांबलेला असे. गाववाले एका रात्रीत पाहुणे झाले होते. आणि घाटात रेंज गेली की ती बाई गप्प होते, तेव्हा पुन्हा आपण आणि पत्रा.

मावशीच्या गावच्या पाटीबद्दल मी तक्रार केली. फोटो काढले, अंतरं पावलांनी मोजून लिहिली, पाटी किमान किती अलीकडे हवी तेही लिहिलं. तीन महिन्यांनी उत्तर आलं. "सदर ठिकाणी दिशादर्शक फलक अस्तित्वात असून सुस्थितीत आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे." उत्तरात एक अक्षर खोटं नव्हतं. फलक अस्तित्वात आहे. सुस्थितीत तर इतका आहे, की मला हेवा वाटतो.

परवा पुन्हा मावशीकडे निघालो होतो, मी आणि आई. आता तो फाटा मला पाठ आहे. विटांच्या भट्टीनंतर पेट्रोल पंप, पंपानंतर पांढऱ्या रंगाची पाण्याची टाकी दिसली की डावा इंडिकेटर. पाटीकडे मी बघतही नाही. टाकी दिसली, इंडिकेटर दिला, आणि माझ्यापुढची कर्नाटक पासिंगची गाडी पुलाच्या तोंडाशी एकदम थबकली. ब्रेकचे लाल दिवे. थोडी डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मी करकचून ब्रेक दाबला आणि हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

"अगं, किती वाजवतेस?" मागून आई म्हणाली. "त्याला आत्ता दिसली असेल."